आप्पा, वरण घट्ट आहे

आप्पा, तुम्ही हॉलमध्ये चटईवर होतात, अंगावर पांढरी चादर होती, उशाशी दिवा होता, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी हे मीच तुम्हाला सांगते. कुसुमआत्या तुमच्या धाकट्या बहीण असल्या तरी तक्रारीच्या बाबतीत थोरल्या आहेत. तिकडे वर तुमच्या आईपर्यंत ही बातमी पोचवायची काहीतरी सोय त्यांनी एव्हाना केलीच असेल. घरात देह असताना चूल पेटवली. सुनेने पेटवली. वर कुकरची शिट्टीही झाली. ती झाली तेव्हा हॉलमध्ये रामरक्षा चालली होती, ती मधेच थांबली, आणि सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. मला त्या माना आतून दिसत होत्या. मी दुसऱ्या शिट्टीची वाट बघत उभी राहिले.

तुम्ही पहाटे झोपेतच गेलात. डॉक्टर आले, हृदय थांबलं म्हणाले, आणि गेले. बाळकाका नागपूरहून निघाले होते, पण दिल्लीला विमान बदलून जयपूरला पोचायला त्यांना दुपार उलटणार होती. धाकटा भाऊ आल्याशिवाय हलवायचं नाही असं ठरलं. या सगळ्या ठरवाठरवीत माझी रेवू कुणाच्या लक्षातच नव्हती. अडीच वर्षांचं माणूस, त्याला कोण विचारतं? वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण भाभीजी भल्या म्हणून तिला वर घेऊन गेल्या. त्यांनी दलिया केला, बिस्किटं दिली, टीव्ही लावून दिला. रेवूने वाटीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "आप्पा खिलाएंगे." एवढंच. दुपारी भाभीजी तिला खाली घेऊन आल्या तेव्हा पोर रडून रडून मलूल झाली होती आणि भाभीजीही डोळे पुसत होत्या.

मी डाळ-तांदूळ धुतले. आठवडाभर आपल्याकडे राहायला आलेल्या आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अवं मीनल, देह हाय घरात. अशा वेळी चूल पेटवत नसतात."

"सकाळपासून उपाशी आहे ती, आत्या."

"एक दिवस नाही जेवली तं मरत नाही पोर."

"मरत नाही. खुंटतं."

एका दिवसाने कुणी खुंटत नाही हे मलाही कळतं. पण 'एका दिवसाने काय होते' या वाक्यावर आपण या घरात कित्येक महिने काढले होते, आप्पा. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. आत्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि समजावून सांगायची ती वेळ नव्हती. मी गॅस मोठा केला.

आता तुमच्याशी भांडण. गेल्या दिवाळीत पाटावर बसून तुम्ही मला दम दिला होता, "माह्या मागं सगळं शास्त्राप्रमाणं झालं पाहिजे. तिथं तुझं काही चालणार नाही." मी म्हणाले होते, बघू. तुम्ही म्हणालात, "बघू नाही, हो म्हण." मी हो म्हणाले नाही, कारण कढईत चकल्या होत्या. तो वाद तसाच राहिला. आणि तुमच्या मागे पहिल्याच दिवशी, अजून तुम्ही घरातसुद्धा होतात, मी तुमचं शास्त्र मोडलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. तुम्ही उठून बसला असतात तर मला ओरडला असतात की आधी रेवूला विचारलं असतंत, "जेवली का वं पोट्टी?", हे मला कधीच कळणार नाही. पैज लावायची तर माझी दुसऱ्यावर.

कारण मी तुमचं आधीचं रूप पाहिलं आहे आणि नंतरचंही. मंगेशच्या आई गेल्या आणि तुम्ही यवतमाळचं घर बंद करून आमच्याकडे आलात. विम्याच्या ऑफिसातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, जयपूरला टिळकनगरच्या भाड्याच्या घरात दोन खोल्या आणि एक गॅलरी यांत मावायला तयार झाला. मंगेशची बँक, माझं जगतपुऱ्याकडचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. माझी बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी हाय नं घरी." स्वतःच्या मुलाला तुम्ही कधी एक घास भरवला नव्हता, हे आई मला अनेकदा सांगायच्या. तरी तुम्ही नात सांभाळायला उभे राहिलात. ते धाडस होतं.

आणि तुम्ही तिला वरणाचं पाणी पाजलंत. मनापासून, तासन्‌तास, गाणी म्हणत. कुकरमधून डाळ काढायची, ढवळायची नाही, वरचं वर निथळून घ्यायचं, त्यात जिऱ्याची पूड आणि कणभर हिंग. तुमच्या आईने तुम्हाला तेच पाजलं, आईंनी मंगेशला तेच पाजलं, आणि घरातल्या साऱ्यांचा विश्वास होता की डाळीतलं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं. खालची डाळ आपण मोठी माणसं खायचो. भाभीजींनाही ते पटायचं. त्यांच्याकडे त्याला 'दाल का पानी' म्हणायचे, आणि दोन प्रांतांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही. शिवाय तांदळाची पेज, फळांचा गाळलेला रस, चहात बुडवलेलं बिस्कीट. रेवूचं पोट टम्म असायचं. तुम्ही त्यावर टिचकी मारायचात आणि म्हणायचात, नगारा.

अकरा महिन्यांची असताना तिला डॉक्टरीणबाईंनी फळीवर झोपवून मापलं. पुन्हा मापलं. मग आपल्याला बसायला सांगितलं आणि ती काय काय खाते ते विचारलं. तुम्ही अभिमानाने सगळं सांगितलंत. त्या शांत बाई होत्या. म्हणाल्या, "अंकलजी, बच्ची का पेट इतना-सा है. उसमें पानी भर देंगे तो खाना कहाँ जाएगा?" आणि मग तो शब्द वापरला, कुपोषण. वयाच्या मानाने उंची खुंटली आहे, म्हणाल्या. दोन वर्षांची होईपर्यंतचा काळ फार मोलाचा, नंतर सगळंच भरून निघतं असं नाही.

तुम्ही उठलात, चप्पल घातलीत आणि "चला" म्हणालात. गाडीत तुमचा आवाज चढला होता. "कुपोषण? आपल्या घरी? तुपाचा डबा कधी रिकामा पाहिला का कोणं? ते मेळघाटातल्या पोरायले होते. आम्ही सारेच ठेंगणे. मी ठेंगणा, कुसुम ठेंगणी, मंगेश ठेंगणा. हे घराणं हाय, आजार नाही." मंगेश गाडी चालवत होता. तो स्वतः ठेंगणा, त्यात बापाचा राग, तो काय बोलणार!

घरी आल्यावर तुम्ही ते वाक्य बोललात. "पोरीची आई घरी असती तं हे झालंच नसतं."

मी म्हणाले, "आजोबा घरीच होते की."

मंगेशने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तुम्हाला थप्पड मारली. असेल. मला त्या वाक्याचा पस्तावा नाही, आप्पा, आजही नाही. तुम्ही तुमचं वाक्य कधी मागे घेतलं नाहीत, मी माझं घेतलं नाही. ती दोन्ही वाक्यं आपल्या जेवणाच्या टेबलावर कितीतरी दिवस पडून होती आणि आपण त्यांच्या बाजूने ताटं सरकवत जेवत होतो.

मग बाळकाका आले, पुष्करला जायच्या निमित्ताने. तुमचे सख्खे धाकटे भाऊ, एका आईबापाचे. ते हॉलमध्ये तुमच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांचं डोकं पंख्याच्या पात्याला लागेल की काय म्हणून मी पंखा बंद केला. तुमचं डोकं त्यांच्या खांद्याखाली. मी चहा देता देता विचारलं, "काका याच घराण्यातले ना?"

तेवढंच विचारलं. तुम्ही कप खाली ठेवलात.

दुसऱ्या दिवशी बाळकाका गेल्यावर तुम्ही गॅलरीत बसून मला हाक मारलीत आणि पहिल्यांदा तुमच्या लहानपणाचं बोललात. तुमच्या आणि आत्यांच्या वेळी घरात रेशनची लाल ज्वारी होती, तीही अर्धी. तुमची आई भाकर करून सासऱ्यांना, मग दिरांना वाढायची, आणि पोरांच्या वाट्याला डाळीचं वरचं पाणी यायचं. डाळ कामावर जाणाऱ्या पुरुषांसाठी. पाण्यात सत्त्व असतं असं ती म्हणायची, कारण पोरांना दुसरं द्यायला तिच्याजवळ काही नव्हतं. पुढे वडिलांना मास्तरकी लागली, दारात म्हैस आली, आणि मग बाळकाका जन्मले. "तो दूध-भात खाऊन वाढला," तुम्ही म्हणालात. "मी समजत होतो, तो मामाच्या वळणावर गेला." आणि मग म्हणालात, "मायनं आमची समजूत घातली होती. आम्ही ते शास्त्र समजलो."

मला तेव्हा तुमच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. सासरे आहात म्हणून नव्हे, आपलं भांडण चालू होतं म्हणून.

त्या संध्याकाळी तुम्ही वरण केलंत ते रवीने घोटून, पाणी न निथळता, वर तूप सोडून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चमचा तिरका केला तर अन्न भसकन ओघळू नये. तुम्ही चमचा तिरका केलात, बघितलंत, पुन्हा केलात. मग तो खेळच झाला. भाभीजी खाली आल्या की त्यांच्या नाकासमोर चमचा तिरका. दूधवाला आला तरी तेच. एकदा तर मंगेशचे मॅनेजर चहाला आले होते, त्यांना तुम्ही 'नातीच्या आहारातील घनता' या विषयावर तासभर बसवून ठेवलंत, आणि ते बिचारे विम्याचं काहीतरी गळ्यात पडणार या भीतीने मान डोलावत राहिले.

सगळं लगेच जमलं नाही. नुसतं घट्ट करून भागत नव्हतं, ते तिच्या पोटात जायला हवं होतं. पहिले काही दिवस तुम्ही तिचे गाल दाबून घास घातलात. ती ओकली. मी ओरडले, तुम्ही ओरडलात, रेवू आपल्या दोघांच्या वर ओरडली. तिची ताकद कमी नव्हती, मला वाटतं तेव्हाच मला जरा धीर आला. मग तुम्ही थांबायला शिकलात. आयुष्यभर फायली वेळेत निकाली काढलेला माणूस, तो एका घासासाठी भिंतीला टेकून बसून राहायचा. तिची वेगळी वाटी केलीत, म्हणजे किती खाल्लं ते दिसतं. तुमचं ताट तिच्या शेजारी मांडलंत, म्हणजे ती एकटी जेवत नाही. फोन खोलीबाहेर. आणि घास पुढे करताना तुमचं ते ऑफिसातलं बोलणं, "मॅडम, एक हप्ता राहिला. हप्ता चुकला की पॉलिसी बंद पडते." तिला त्यातलं काय कळायचं कोण जाणे, पण ती 'हप्ता' म्हणून तोंड उघडायची.

आणि अंडं! डॉक्टरीणबाईंनी अंडं सुचवलं. तुम्ही गळ्यात तुळशीची माळ घालणारे, आणि भाभीजींनी घर देतानाच सांगितलेलं, अंडा-मीट नहीं. मी म्हणाले, जाऊ द्या, दूध-पनीरवर भागवू.  थोड्या दिवसांनी भाभीजी तोंडावर पदर घेऊन माझ्याकडे आल्या. त्या मोतीडुंगरीच्या गणपतीला दर्शनाला निघाल्या होत्या, आणि वाटेतल्या बागेत तुम्ही बाकावर बसून उकडलेलं अंडं सोलत होतात. शेजारी रेवू, तिच्या मांडीवर रुमाल. भाभीजी म्हणाल्या, "भाईसाहब, आप?" आणि तुम्ही तुमच्या यवतमाळी हिंदीत उत्तर दिलंत, "हाँ, मैं. आपके घर में नहीं बनाया, बाहर से उकडा हुआ लाया. माला मेरे गले में है, पोट्टी के गले में नहीं."

भाभीजी मला हे सांगताना चिडल्या होत्या की हसू दाबत होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी घर सोडायला सांगितलं नाही, एवढं खरं. आणि तुम्ही घरी आल्यावर आंघोळ केलीत, माळेला हात जोडलेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत गेलात.

नातेवाईक काय कमी बोलले? "मुलगीच हाय नं, ठेंगणी असली तं काय बिघडलं? उलट नवरा लवकर भेटते," असं आत्या फोनवर म्हणाल्या. तुम्ही स्पीकरवरच उत्तर दिलंत, "नवऱ्यासाठी नाही वाढवून रायलो मी तिले." लूच्या, म्हणजे उन्हाळी झळांच्या दिवसांत तिला जुलाब झाले तेव्हा तर सगळ्यांनी सांगितलं, खाणं बंद ठेवा, पोटाला आराम द्या. तुम्ही डॉक्टरीणबाईंना विचारून थोडं थोडं देतच राहिलात. तिचं वजन तरी उतरलं. काही महिन्यांचं कमावलेलं आठवड्यात गेलं. तेव्हा तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभे होतात आणि नळ नुसताच वाहत होता. मी आत आले तशी बाहेर गेले. त्या दिवशी मी तुम्हाला म्हणायला हवं होतं, की आप्पा, तुमच्यामुळे ती आहे. मला वाटलं, म्हणायला पुष्कळ दिवस आहेत.

आता म्हणते. तुमच्यामुळे माझी मुलगी वाढली. मी पाठवलेल्या सूचनांमुळे नाही, तुपाच्या डब्यामुळे नाही. तुम्ही चुकलात आणि चूक कळल्यावर तुमच्या वयाला तिथेच फरशीवर बसलात. घरातल्या किती बाप्यांना हे जमतं? माझ्या वडिलांना जमलं नसतं. मंगेशला जमत नव्हतं.

मंगेशचं तुम्हाला ठाऊकच आहे. जायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही त्याला जेवताना म्हणालात, "तू बी बसत जा तिच्यापाशी. मी काय जन्माचा पुरणार हाय?" तो म्हणाला, "आप्पा, मार्च एंडिंग होऊ द्या." तुम्ही मार्च एंडिंगपर्यंत थांबला नाहीत.

तुम्हाला उचललं तेव्हा तिरडी वाकडी झाली. पुढच्या एका बाजूला बाळकाका, दुसऱ्या बाजूला मंगेश, त्यामुळे बाळकाकांचा कोपरा वर गेला. कुणीतरी म्हणालं, काका, जरा वाका. ते वाकून चालले, रडत. मला तेव्हा फक्त लाल ज्वारी आठवत होती.

दहाव्याला तर विचारूच नका. भाभीजींनी इथलेच पंडितजी ठरवून दिले आणि ते आम्हाला गलत्याच्या कुंडावर घेऊन गेले. बायका जात नाहीत, असं आत्या म्हणाल्या, आणि मग मी निघालेली पाहून त्याही गाडीत बसल्या. पंडितजींना आपलं कावळ्याचं काही माहीत नव्हतं. "कौआ क्यों? पिंड तो जल में जाएगा." आत्यांनी त्यांना ठणकावलं, "हमारे में कव्वा शिवता है. उसके बिना मानूस सुटता नहीं." मग आम्ही पिंड मांडून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. गलत्याला, आप्पा. जिथे माणसांपेक्षा माकडं जास्त.

कावळा दूर झाडावर होता, येत नव्हता. आत्या हात जोडून म्हणाल्या, "दादा, मंगेशची बदली नागपूरले करून घेऊ." कावळा हलला नाही. बाळकाका म्हणाले, "दादा, यवतमाळचं घर विकणार नाही." नाही. मग सगळे मंगेशकडे बघायला लागले. त्याने ओठ ओले केले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एक भलं मोठं माकड पायरीवरून उतरलं, पिंड उचललं आणि तिथेच बसून खायला लागलं.

आत्या रडायलाच लागल्या. पंडितजी "हरि ओम" म्हणत राहिले. बाळकाका हळूच म्हणाले, "दादाले दम नाही निघाला." आणि मी हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा, पदर तोंडाशी धरून, अगदी पोट दुखेपर्यंत. शेवटी दर्भाचा कावळा करून दुसऱ्या पिंडाला शिववला. आत्या परतताना समाधानाने म्हणाल्या, "सुटला दादा. काही इच्छा राहिली नाही त्याची."

मला ते मान्य नाही. दर्भाच्या कावळ्याला काय कळतं? तुमची इच्छा राहिली होती, ती तुम्ही जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवली होती, आणि तिचं उत्तर तुमच्या मुलाच्या तोंडात अडकून राहिलं होतं. मी तीन दिवस ते तसंच राहू दिलं.

तेराव्याच्या जेवणावर आत्यांनी विषय काढला. "आता मीनलले नोकरी सोडा लागते. पोरीचं खाणं-पिणं बघायले कोण हाय?" सगळ्यांनी माना हलवल्या. वाक्य तेच होतं, आप्पा, तुमचंच. आई घरी असती तर. माझं उत्तरही तयार होतं, पण मी ते दिलं नाही. मी वाढायची पळी खाली ठेवली आणि मंगेशकडे बघितलं. सगळ्यांसमोर, बराच वेळ. तो माझ्याकडे बघत नव्हता, श्रीखंडाकडे बघत होता.

"नोकरी कुणी सोडणार नाही," तो शेवटी म्हणाला. "सकाळचं आणि रात्रीचं मी भरवीन. दुपारचं पाळणाघर आणि मीनलचे घरून कामाचे दिवस, असं बसवू."

"तू?" आत्या म्हणाल्या. "बाप्या माणसाचं काम हाय का ते?"

"मग आप्पा कोण होते?" मी विचारलं.

 आत्यांनी रेवूच्या वाटीत स्वतःच्या हाताने तूप वाढलं, आणि भरपूर वाढलं. ते मी पाहिलं. म्हाताऱ्या माणसाशी किती भांडायचं? मीही त्यांच्या पानात पुरी वाढली.

आज सकाळी मंगेशने वरण केलं. तुम्हाला बातमी देते, घट्ट आहे. त्याने दोनदा मला हाक मारली, मी गेले नाही. मी केस विंचरत बसले. रेवूने पहिला घास थुंकला. "आप्पा खिलाएंगे," म्हणाली. मग वाटी ढकलली, वरण फरशीवर. मी आतून ऐकत होते. मंगेशचा हात फोनकडे गेला असणार, कारण कार्टूनचं गाणं क्षणभर वाजलं आणि बंद झालं. मग त्याचा आवाज आला, फाटलेला. "आप्पा नाहीत गं, बेटा. बाबा आहे. बाबाला येत नाही नीट. तू शिकव."  मी पर्स घेऊन बाहेर आले तेव्हा तो फरशीवर बसला होता, बँकेच्या शर्टावर वरणाचे डाग, आणि ती त्याच्या हातातून खात होती. पुष्कळ नाही, अर्धी वाटी असेल. त्याला बँकेत उशीर झाला. मी स्कूटर काढली आणि ऑफिसला निघून गेले.

वाटेत थांबून रडले. हे फक्त तुम्हाला सांगते.

परवा तिला मापायला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला विचारलं, मग मंगेशचं मुंडलेलं डोकं पाहून त्यांना कळलं.  म्हणाल्या, वाढीच्या तक्त्यावरची रेषा चांगली वर चढली आहे, पण तिच्या वयाच्या मुलांच्या खालीच आहे अजून. राहिलेलं सगळं भरून निघेलच असं वचन मी देत नाही, पण सोडू नका. मंगेशने विचारलं, किती कमी? त्यांनी हवेत चार बोटं आडवी धरून दाखवली.

फोन येतात, माणसं येतात, सगळे म्हणतात, आप्पांच्या आत्म्याला शांती लाभो. मी मान हलवते. पण मी तुमच्यासाठी शांती मागत नाही, आप्पा. तुम्ही कुठे असाल तिथे अस्वस्थ राहा, ताट मांडून बसा, आमच्यावर डोळा ठेवा. रेवू अजून चार बोटं कमी आहे.